मापाडीला न उमगलेले सहा दिवस

ताट रिकामं होतं आणि पोटही रिकामं होतं. दोन्ही एकाच वेळी रिकामी कशी असू शकतात, या कोड्यापुढे मिरजेच्या त्या बालरुग्णालयातल्या भल्याभल्यांनी हात टेकले होते.

"मयूरी, खरं खरं सांग," आहारतज्ज्ञ नंदाताई पाटोळे पलंगाच्या कडेला टेकत म्हणाल्या, "पोरीच्या ताटातलं तू तर खात नाहीस ना? रागावणार नाही मी."

मयूरीच्या अंगाचा तिळपापड झाला. "ताई, आजारी लेकराच्या तोंडचा घास काढून खाईन व्हय मी? काय बोलताय तुम्ही!"

"बरं बाई, चुकलं माझं. पण मग अन्न जातंय कुठं?"

ज्या पोटाबद्दल हा वाद चालला होता त्याची मालकीण, सात वर्षांची अन्वी, चित्राच्या वहीत हत्ती रंगवत होती. डोक्यावर एक केस नाही, गालफडं बसलेली. पण हत्तीला मात्र तिने चांगला गलेलठ्ठ काढला होता. तिने मान वर केली नाही.

पाच महिन्यांपूर्वी कवठेमहांकाळजवळच्या त्यांच्या गावात अन्वीला ताप आला आणि तो हटेना. अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठायला लागले, तेव्हा तिला मिरजेला आणलं. रक्ताचा कर्करोग निघाला. डॉ. एस्तेर शिंदे यांनी मयूरीला आणि तिच्या नवऱ्याला, विशालला, समोर बसवून सांगितलं होतं, "यातली बहुतेक मुलं आता बरी होतात. दोनच अटी आहेत. औषध पूर्ण पोटात जायला हवं, आणि औषध पेलायला पोटात अन्न हवं."

दुसरी अट ऐकायला सोपी आणि पाळायला महाकठीण. औषध रक्तातून फिरतं, रक्तातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात आणि यकृत त्याचा निचरा करतं. ही सगळी यंत्रणा चालते ती रोजच्या जेवणावर. पोटभर जेवलेल्या मुलाला जी मात्रा सोसते, तीच उपाशी मुलाला विषासारखी लागते. पूर्वी डॉक्टर उंची-वजन पाहून मात्रा ठरवायचे आणि पुढच्या तपासणीपर्यंत तीच चालायची. मधल्या दिवसांत मुलाने काय खाल्लं, काय ओकलं, हे आईच्या तोंडूनच कळायचं. आणि आई कधी काळजीपोटी कमी सांगायची, तर कधी लाजेपोटी जास्त.

म्हणून दाणा आला. तांदळाएवढा, पांढरा, मागच्या दाढेला चिकटवलेला. जेवण पचून त्यातली साखर, प्रथिनं, क्षार रक्तात उतरले की त्यांचा अंश लाळेत झिरपतो. दाणा तो टिपतो. घास किती घेतले हे त्याला कळत नाही, रक्तात काय उतरलं तेवढं कळतं. वॉर्डाच्या कोपऱ्यातलं कपाटाएवढं यंत्र हे आकडे गोळा करायचं, परत आलेल्या ताटाचं वजन करायचं, गेल्या तीन दिवसांचा हिशोब मांडायचं आणि रोज सकाळी त्या मुलापुरती, त्या दिवसापुरती गोळी छापून द्यायचं. पोट रिकामं दिसलं की गोळी निम्मी.

यंत्राला भलंमोठं शास्त्रीय नाव होतं, पण विशालने ते पहिल्याच दिवशी बदलून टाकलं. तो सांगलीच्या हळद बाजारात मापाडी, पोती तोलण्यात हयात चाललेली. यंत्रापुढे उभा राहून तो म्हणाला, "हा तर आमचाच भाऊबंद. मापात पाप करणार न्हाई." तेव्हापासून अख्खा वॉर्ड त्याला मापाडी म्हणायला लागला. नर्सासुद्धा.

मापाडी मोजायचा, भरवायचं काम मात्र नंदाताईंचं. औषधांनी पोरांच्या जिभा पार बिघडलेल्या असायच्या. अन्वीला वरण लोखंड चाटल्यासारखं लागायचं, तर नंदाताईंनी तिला स्टीलचा चमचा बंद करून लाकडी दिला आणि वरणात चिमूटभर गूळ टाकला. तोंड आलं तेव्हा मीठ-तिखट वगळून गार नाचणीची आंबील दिली. कच्चं काही चालायचं नाही, कोशिंबीर नाही, बाहेरची भेळ तर स्वप्नातसुद्धा नाही. पण अन्वीने भेळेचा हट्ट धरला तेव्हा त्यांनी मुरमुरे कढईत कडक भाजून, शिजवलेला बटाटा आणि उकळलेल्या चिंचेचं पाणी घालून अशी भेळ करून आणली की तीन पलंगांवरची पोरं उठून बसली. मयूरी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडायची. म्हणूनच आजचा आळ तिला झोंबला.

दुपारी शिंदे मॅडमनी बोलावलं. भिंतीवरच्या पडद्यावर एक रेघ होती, चांगली वर चाललेली, आणि तिला सहा ठिकाणी विहिरीसारखे खड्डे.

"ही अन्वी," मॅडम म्हणाल्या. "दोन महिन्यांत सहा दिवस असे, की रक्तात अन्नाचा कण उतरलेला नाही. ताट मात्र त्या दिवशी चाटूनपुसून साफ. म्हणजे खाल्लेलं आतड्यातून रक्तात जात नाही, असं मापाडीचं म्हणणं. प्रत्येक खड्ड्यानंतर तीन दिवस त्याने गोळी निम्मी केली. सहा त्रिक अठरा. साठ दिवसांतले अठरा दिवस तिला अर्धंच औषध मिळालंय, मयूरी. रोग काही आपल्यासाठी थांबून राहत नाही."

"मग आता?"

"सोमवारी भूल देऊन आतड्यात दुर्बीण घालू. नाकातून नळी टाकावी लागेल. आणि रक्तात रोगाच्या पेशी पुन्हा दिसल्या, तर कडक इंजेक्शनं पहिल्यापासून." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्याआधी तुला एकदा विचारते. या दिवशी वेगळं काही घडतं का? कुणी भेटायला येतं? यंत्राने सगळं जुळवून पाहिलं. औषध, झोप, ताटातले पदार्थ, वार. काही जमेना. ऐक. तीन तारीख, सोमवार. अकरा, मंगळवार. अठरा, मंगळवार. मग पुढच्या महिन्यात दोन, बुधवार. दहा, गुरुवार. सोळा, बुधवार."

मयूरी बोटाच्या पेरांवर मोजत होती. अकरा तारखेच्या मंगळवारावर तिचं बोट अडलं.

त्या मंगळवारी अंगारकी होती. तिने पुढची-मागची पेरं मोजली. तीन तारखेची एकादशी. अठराची एकादशी. दोनची एकादशी, दहाची संकष्टी, सोळाची एकादशी. साडेतीन हजार औषधं पाठ असलेल्या त्या शहाण्या यंत्राला कुणी पंचांग दाखवलं नव्हतं, आणि शिंदे मॅडम पडल्या दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांना तिथी कुठून कळणार? या सहा दिवसांचा अर्थ त्या खोलीत एकट्या मयूरीला लागत होता, कारण ते सहाही दिवस तिचेच होते.

दोन महिन्यांपूर्वी अन्वीचा ताप दोन दिवस उतरला नव्हता, तेव्हा तिने नवस केला होता. पोरगी बरी होईपर्यंत दोन्ही एकादश्या आणि संकष्टी, नुसत्या पाण्यावर, चंद्रोदयालासुद्धा सोडायचा नाही. रुग्णालयाचा दंडक होता की मुलाजवळ राहणाऱ्याने वेळेवर जेवायचं. विशालला कळलं असतं तर त्याने आकाशपाताळ एक केलं असतं. म्हणून उपासाच्या दिवशी ती "कॅन्टीनला जाऊन येते" म्हणून तिन्ही वेळा बाहेर पडायची, रक्तपेढीमागच्या बाकावर अर्धा तास बसायची आणि पदराने तोंड पुसत परत यायची.

"आठवतंय काही?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," मयूरी म्हणाली.

खोटं बोलून ती बाहेर आली आणि जिन्यातच बसली. देवाने माझा उपास लेकीच्या अंगावर घातला की काय, हा पहिला विचार. आपलं काहीतरी चुकलं असणार, पाणीसुद्धा प्यायला नको होतं, हा दुसरा. तिसरा विचार यायला बराच वेळ लागला: आपण बाकावर बसतो तेव्हा पोरीच्या ताटाचं काय होतं, हे आपण कधी पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी एकतीस तारीख होती. एकादशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं आली. अन्वीच्या ताटात मुगाची मऊ खिचडी, वर तूप, उकडलेलं अंडं आणि सोललेलं केळं. मयूरी नेहमीसारखी म्हणाली, "कॅन्टीनला जाऊन येते गं," आणि वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन पडद्याआड थांबली.

अन्वीने ताटाला हात जोडले. मग ताट उचलून, तोल सांभाळत, शेजारच्या पलंगावर दिलं.

त्या पलंगावर मिरजेचीच बारा वर्षांची रुबिना होती. रोग तोच, पण उपचाराचा टप्पा वेगळा. तिला स्टेरॉइड चालू होते, आणि स्टेरॉइडची भूक म्हणजे वणवा. आपलं ताट संपवून ती शेजाऱ्यांच्या ताटांकडे बघत बसायची. तिची साखर मधूनच चढायची, तर मापाडी तीही स्टेरॉइडच्या नावावर टाकून मोकळा व्हायचा. तिने दोन मिनिटांत खिचडीचा फडशा पाडला आणि लखलखीत ताट परत दिलं.

मयूरी पडद्यातून पुढे आली. रुबिनाच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"अन्वी, काय चाललंय हे?"

अन्वी आधी घाबरली, मग तिने ओठ घट्ट मिटले. रुबिनाच बोलली, "काकी, तिला मारू नका. तिचा रोजा असतोय. मी म्हणलं हुतं तिला, आजारी माणसाला माफ असतोय. ऐकतच न्हाई. आन् मला भूक लागतीया."

"कसला उपास गं तुझा?" मयूरीने विचारलं.

"तुझाच," अन्वी म्हणाली. "तू माझ्यासाठी धरतीस ना? मला म्हाइतीय. तू कॅन्टीनला जातच न्हाईस. खिडकीतनं बाक दिसतोय. तू एकटीच धरतीस म्हणून मला हळूहळू बरं वाटतंय. दोघींनी धरला तर लवकर बरं वाटंल."

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"नवस बोलून दाखवला की फळत न्हाई. आजीला फोनवर तूच म्हणलीस."

मयूरी तिच्या पलंगाच्या कडेला बसली. देवाकडे आयुष्य मागायला तिने जी वाट धरली होती, त्याच वाटेने तिची लेक रोजचं औषध निम्मं करून घेत होती, आणि तेही कुरकुर न करता, शहाण्यासारखं, आईचं बघून. सात वर्षांच्या पोरीने भुकेल्या पोटी सहा दिवस तोंडातून ब्र काढला नव्हता. मयूरीला रडू आलं आणि रडता रडता त्या पोरीचा अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटल्याची लाज.

"आजपासून तू उपास करायचा न्हाईस," ती म्हणाली.

"मग तू?"

"माझं वेगळं हाय."

"का वेगळं?"

रुबिनाची आई जुबेदाभाभी एव्हाना पाण्याची बाटली भरून आली होती. लेकीच्या हातातलं परकं केळं बघून तिने आधी लेकीला एक धपाटा घातला आणि सगळं ऐकून घेतल्यावर कपाळाला हात लावला.

"मोडला तर काय हुईल, भाभी?" मयूरीने विचारलं. तिला खरंच भीती वाटत होती. पाच महिन्यांत एकही गोष्ट तिच्या हातात नव्हती; गोळी मापाडीची, सुई मॅडमची, ताट नंदाताईंचं. एक उपास तेवढा तिचा होता. तो हातचा सुटला आणि उद्या काही वाईट झालं, तर ती स्वतःला जन्मभर माफ करणार नव्हती.

"मला काय म्हाईत, बाई," जुबेदाभाभी म्हणाली. "पण एवढं सांगते. देव तुमचा असू दे न्हाईतर आमचा, लेकराला उपाशी ठेवून खूश होणारा असंल, तर त्याच्याकडं मागायचंच कशाला?"

मयूरी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नंदाताईंना म्हणाली, "ताई, अजून एक ताट द्या. अन्वीचं. आणि एक मला."

नंदाताईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि दोन ताटं वाढली.

ती पलंगावर अन्वीसमोर मांडी घालून बसली. खिचडीचा घास हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत जाईना. तिने डोळे मिटले. गजानना, विठ्ठला, रागवायचं तर माझ्यावर रागवा, पोरीला यात धरू नका, असं तिने मनाशी, जरा दमात घेऊनच सांगितलं. मग घास तोंडात घातला. कालच्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. तुपाची ती मऊ खिचडी जिभेवर आली आणि तिला इतकी गोड लागली की तिला पुन्हा रडू फुटलं.

अन्वी निरखून बघत होती. आई गिळते की नाही, याची खात्री करून घेतल्यावर तिने लाकडी चमचा उचलला.

त्या संध्याकाळी मयूरी शिंदे मॅडमसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. चांगली खरडपट्टी निघेल अशी तयारी करूनच ती गेली होती. मॅडमनी पडद्यावर ती खड्ड्यांची रेघ पुन्हा उघडली.

"तू काल सांगितलं असतंस तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या, "पण आज सांगितलंस, सोमवारच्या आत, हे काही थोडं नाही. पोरीला नाहक भूल देणार होते मी." मग त्या हसल्या. "ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत माझी आई माझ्यापासून लपून उपास करायची. मला कसं सुचलं नाही?"

दुर्बीण टळली, नळी टळली. एकतीस तारखेला खड्डा पडला नाही आणि दुसऱ्या सकाळी मापाडीने पूर्ण गोळी छापली. रोगाच्या पेशी पुन्हा उठल्या नाहीत, हे कळायला मात्र पुढचे सहा आठवडे जावे लागले, आणि ते सहा आठवडे मयूरीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. तपासणी चांगली आली त्या दिवशी विशाल पेढे घेऊन आला. त्याने पहिला पेढा मापाडीच्या माथ्यावर ठेवला आणि नर्सबाईंची बोलणी खाल्ली. नवसाचं कळूनही बायकोवर मात्र तो रागावला नाही. नुसता म्हणाला, "पोती तोलताना बारदानाचं, म्हंजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं असतंय. ते आपण सांगितल्याशिवाय काट्याला कळत न्हाई."

शिंदे मॅडमनी मात्र गोष्ट तिथे सोडली नाही. असे मापाडी तेव्हा राज्यात एकेचाळीस रुग्णालयांत होते. मॅडमच्या आग्रहावरून त्या सगळ्यांना पंचांग शिकवलं. तिथ्या, रमजानचा महिना, लेंट, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, झाडून सगळं. मग जुने आकडे पुन्हा चाळले. कारण न सापडलेल्या खड्ड्यांची बावीस मुलं निघाली. त्यातली चौदा मुलं उपास करत होती. कुणी आईसाठी, कुणी स्वतःसाठी, अकोल्यातली एक मुलगी तर शेजारच्या पलंगावरच्या बाळासाठी. चौदांपैकी एकाच्याही घरच्यांना पत्ता नव्हता.

हे ऐकून मयूरीला काय वाटलं, ते तिला नीट सांगता येत नसे. ज्या चुकीसाठी तिने स्वतःला रात्रंदिवस बोल लावले, तिच्यामुळेच चौदा पोरांच्या ताटांकडे कुणाचं तरी लक्ष गेलं होतं. चूक ती चूकच, असं ती म्हणायची. पण ती आपल्या हातून वेळेत उघडी झाली, याबद्दल ती रुबिनाच्या वणव्याचेसुद्धा आभार मानायची.

सात महिन्यांनी, अन्वी घरून ये-जा करत औषध घेत होती तेव्हा, एका दुपारी नंदाताईंचा फोन आला. नंदुरबारकडची एक बाई आहे, निर्मलाबाई. तिची नऊ वर्षांची लेक तिकडच्या रुग्णालयात आहे, चौदांतलीच एक. उपास सोड म्हणून सगळे समजावून दमले, पोरगी ऐकत नाही आणि आईचीही स्वतःचा उपास मोडायची छाती होत नाही. तू बोलशील का?

मयूरी हो म्हणाली, आणि फोनच्या पडद्यावर एक सुकलेली बाई दिसली, कडेला टक्कल पडलेली पोरगी, आणि दोघींच्या मधे एक झाकलेलं ताट.

"ताई, तिला काय सांगू?" निर्मलाबाईने विचारलं. "डॉक्टर म्हणतात समजावा. मी सांगून सांगून थकले. तुम्ही काय सांगितलं होतं तुमच्या मुलीला?"

"काहीच न्हाई," मयूरी म्हणाली. "सांगून ऐकायला ती काय येडी हाय? तिनं आपल्याला बघूनच उपास धरलाय."

"मग?"

"थांबा जरा."

मयूरीने फोन डब्याला टेकवून चुलीजवळ उभा केला. परातीतली भाकरी ताटात घेतली, तिच्यावर दोडक्याची भाजी वाढली आणि फोनसमोर बसली. शाळेतून आलेली अन्वी तिच्या शेजारी येऊन टेकली.

"झाकण काढा," मयूरी म्हणाली. "तिच्याकडं बघू नका. तिला खा म्हणू नका. नुसतं जेवायला बसा. मी पण बसलीया."

निर्मलाबाईने झाकण काढलं. भात होता. तिने घास केला आणि तो हातातच धरून बसली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मयूरीला तो हात पुरता ओळखीचा होता. स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली. अन्वीने आईच्या ताटातला दुसरा तुकडा उचलला.

बऱ्याच वेळाने निर्मलाबाईने घास तोंडात घातला. मग दुसरा. कडेला बसलेली पोरगी तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होती.

तिसऱ्या घासाला ती सरकून जवळ आली आणि तिने आईच्या ताटात हात घातला.